चालवणाऱ्यांच्या बाजूने



वास्तुशास्त्र, नगररचना आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या सगळ्या स्नातकांचं मनापासून अभिनंदन. तुमच्या पालकांचं आणि शिक्षकांचंही. आता थेट विषयाकडे वळते, कारण वेळ थोडा आहे आणि मनात साठलेलं खूप वर्षांचं आहे.

माझी पहिली नोकरी एका सल्लागार कंपनीत होती. काम विकास आराखड्याच्या नकाशांचं. निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, उद्यानं हिरवी. तेव्हा हे सगळं हाताने रंगवायचं असे. ओढ्याकाठच्या एका तुकड्यावर उद्यानाचं आरक्षण होतं. मी ती जागा पाहून आले होते. तिथे पिठाची गिरणी होती, बालवाडी होती, सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग होती, शेकडो घरं होती. मी साहेबांना विचारलं, "ही वस्ती नकाशात दाखवायची ना?" ते म्हणाले, "आरक्षण उद्यानाचं आहे, घरं दाखवायची नाहीत." तो तुकडा हिरवा झाला, आराखडा मंजूरही झाला. आजही तिथे वस्तीच आहे, उद्यान नाही. इतक्या वर्षांत तिथल्या नळाला पाणी कुणी आणलं, गटार कुणी साफ ठेवलं, पोरांना शाळेत कुणी पोचवलं, हे आमच्या व्यवसायाने कधी विचारलं नाही. आपल्या व्यवसायावर माझा हा जुना राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. आपण शहर आखतो, बांधतो, त्याचे फोटो काढतो, त्याला बक्षिसं देतो. पण ते शहर रोज चालवणाऱ्या माणसांना आपल्या नकाशात रंगच नसतो.

त्या नोकरीतून मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आले आणि तिथेच राहिले. ते दिवस पुण्यासाठी फार मोलाचे होते. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायांनी पुण्यात आपली संघटना उभी केली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यामागे होत्या, आणि हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. तोवर या बायांना शहर काय समजत होतं ते आठवून बघा. पहाटे कुंड्या उपसणाऱ्या, पोलिसांना संशयित वाटणाऱ्या, सोसायटीच्या वॉचमनने हाकलायच्या. संघटनेने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. महापालिकेने मान्य केलेलं, फोटो लावलेलं ओळखपत्र. आमच्या वस्तीतली एक मावशी ते कार्ड गळ्यात घालून भंगाराच्या दुकानात वजनकाट्यासमोर कशी उभी राहिली, ते मी पाहिलंय. त्या दिवशी तिने काट्यावरचा आकडा स्वतः वाचून घेतला.

पुढे २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या याचिकेचा त्यामागे मोठा वाटा होता. घरोघरून कचरा गोळा करणं पालिकांवर बंधनकारक झालं. पंचायतीतल्या बायांनी विचारलं की हे काम आम्हालाच का देत नाही? आधी प्रयोग झाला, मग २००८ मध्ये पुणे महापालिकेने या कष्टकऱ्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी करार केला. त्यात ३००० हून अधिक सभासद आले. घरटी दरमहा शुल्क थेट त्या बाईच्या हातात, सुका कचरा विकून येणारे पैसे तिचे, आणि ढकलगाडी, बादल्या, हातमोजे, देखरेख यासाठी महापालिकेची मदत, अशी ती रचना. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हे घराघरांत सांगणाऱ्याही याच बाया. २०२० च्या टाळेबंदीत आपण दारं लावून बसलो होतो, तेव्हाही त्या दारात येत होत्या.

१९९३ ते २००८ हा काळ मोजा. पंधरा वर्षं. या पंधरा वर्षांत उद्घाटन करावं असं फारसं काही नव्हतं. सभा होत्या, वर्गणीच्या पावत्या होत्या, भंगाराच्या भावावरून भांडणं होती, पतसंस्थेचे हिशेब होते, पोलीस चौकीत जाऊन कुणाला तरी सोडवून आणणं होतं. शहराने पुढे ज्या व्यवस्थेचं कौतुक केलं ती या पंधरा वर्षांत घडली. आज एखाद्या देणगीदाराकडे जाऊन म्हणा की पंधरा वर्षं सभा घ्यायच्यात, त्यासाठी पैसे द्या. काय उत्तर येतं ते मला ठाऊक आहे, कारण मी ते ऐकलेलं आहे.

आमच्या वस्तीत एका कंपनीने सार्वजनिक शौचालय बांधून दिलं. टाइल्स उत्तम, दारं मजबूत, बाहेर संगमरवरी पाटी. उद्घाटनाला मोठा मांडव पडला होता. मी आधीच लिहून दिलं होतं की इमारतीच्या खर्चाबरोबर निदान पाच वर्षं दोन माणसांचा पगार, मैलाटाकी उपसण्याचा खर्च, पंपाची दुरुस्ती आणि विजेचं बिल धरा. कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्याने माझ्यासमोर लाल पेनने तो अख्खा रकाना खोडला. म्हणाला, "मॅडम, पगार आमच्या हेडमध्ये बसत नाही." आम्ही वस्तीतून महिना वर्गणी काढली, काही काळ निभावलं. मग पंप जळला. टाकी भरून वाहू लागली. बायका पुन्हा पहाटेच्या अंधारात ओढ्याकडे जाऊ लागल्या. कुलूप लागलेल्या इमारतीवर ती पाटी मात्र तशीच चकचकीत राहिली.

कायदा काय सांगतो तेही ऐका, तुमच्यातले काहीजण उद्या हेच काम करणार आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. त्यात प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर. पण मला भेटलेल्या किती तरी कार्यालयांत ती मर्यादा आमच्या पगारांवर लावली गेली. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शिवाय एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी पुढे देणंही बंद झालं. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून तालुक्याच्या गावातल्या छोट्या गटाकडे जाणारी वाट त्यामुळे बुजली. हिशेब कडक हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षण दाखल करताना एक रुपयाही इकडचा तिकडे होता कामा नये. पण वस्तीत रोज फिरणारी कार्यकर्ती हा 'वरखर्च' आणि सिमेंट हे 'काम', ही विभागणी मला कधीच पटलेली नाही. आमच्या क्षेत्रात ती कार्यकर्ती हेच काम आहे.

बांधकामाकडेही वेगळ्या पद्धतीने बघता येतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था आधी वस्तीचा नकाशा करते, घर अन् घर मोजते, कुठल्या गल्लीत मलवाहिनी आहे ते बघते, आणि मगच घरटी शौचालयाचं साहित्य दारात आणून देते. बांधकामाचा खर्च कुटुंब उचलतं. शौचालय घरातलं, पैसा आणि श्रम घरचे, म्हणून निगाही घरचीच. अशा ठिकाणी सिमेंटआधी मोजणीवर पैसा खर्च होतो. आणि मोजणीला देणगी मिळवणं फार अवघड असतं, कारण मोजणीचं उद्घाटन होत नाही.

मोजणीवरून आठवलं. आमच्याकडे एक कार्यकर्ती होती, दहावी झालेली, वस्तीतच वाढलेली. तिने प्रत्येक घराचं रजिस्टर ठेवलं होतं. कोण गरोदर आहे, कुणाला डायलिसिस लागतं, कुठल्या घरात म्हातारी एकटी असते, कोण रात्रपाळीला जातं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती कोसळल्या, माणसं वाहून गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. पहाटे जेव्हा माणसं शोधायची वेळ आली तेव्हा सगळे त्या रजिस्टरभोवती जमले. कुठल्या घरात कुणाला पाहायचं ते तिला सांगता येत होतं. दुसऱ्या दिवसापासून ब्लँकेटं आली, बिस्किटांचे खोके आले, इतके की ठेवायला जागा पुरेना. पुण्याच्या माणसांचं मन मोठं आहे, हे मी त्या आठवड्यात पाहिलं आणि आजही कृतज्ञतेने आठवते. पण ज्या वहीने त्या रात्री माणसं शोधून दिली, ती वही भरणाऱ्या हातांना त्याच वर्षी एप्रिल, मे आणि जूनचा पगार उशिरा मिळाला होता. जुना प्रकल्प मार्चअखेरीस संपला होता आणि नव्याचा पहिला हप्ता जुलैत आला.

ती कार्यकर्ती पुढे आमच्याकडून गेली. एका कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीचं काम मिळालं, महिन्याच्या महिन्याला पगार होता. तिच्या मुलाची फी होती, घराचं भाडं होतं. तिला थांब म्हणण्याचा अधिकार कुणाला होता? रजिस्टर कपाटात राहिलं. त्या वह्यांतली घरं बदलली, माणसं बदलली, नवी नोंद करायला कुणी नव्हतं. संस्था बंद पडते तेव्हा बातमी होते. संस्थेची स्मृती अशी निघून जाते तेव्हा कुणाला कळतही नाही, आणि शहराचं खरं नुकसान तिथेच होतं.

हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' केंद्रं तुमच्यापैकी काहींना माहीत असतील. स्वस्त, पोटभर जेवण, आणि ते विकून चालणारं काम. आम्हालाही विचारतात, तुम्ही असं स्वतःच्या पायावर का उभे राहत नाही? जिथे विकण्यासारखं काही आहे तिथे संस्थांनी जरूर उभं राहावं. पण ओढ्याकाठच्या एकट्या म्हातारीची नोंद ठेवण्याचं गिऱ्हाईक कोण? पावसाळ्याआधी नाला मोजण्याचे पैसे वस्ती कुठून देणार? अशा कामाला समाजानेच पोसायला हवं. आणि पोसायचं म्हणजे दरमहा, दरवर्षी.

मी आज एकच गोष्ट आग्रहाने मागते आहे. तुमचा पहिला पगार होईल. तुमच्या शहरात, तुमच्या प्रभागात पाणी, कचरा, घरं, सायकल, झाडं, ओढे यांवर काम करणारी एक संस्था शोधा. तिचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मागा, बारकाईने वाचा, प्रश्न विचारा. विश्वास बसला की तिला दरमहा ठरलेली रक्कम द्या, छोटी चालेल, पण वर्षानुवर्षं द्या. आणि सोबत लिहून द्या की हे पैसे कशावरही खर्च करा: भाड्यावर, पगारावर, रजिस्टरच्या वह्यांवर. कर्तव्य म्हणून द्या, आपल्या नावाच्या पाटीची अपेक्षा न ठेवता.

तुमचं कौशल्यही द्या. पण एक रविवार येऊन नकाशा काढून जाऊ नका. काढलात तर दरवर्षी येऊन तो दुरुस्त करा. आणि ज्या इमारतीचं अंदाजपत्रक तुम्ही कराल, त्यात ती दहा वर्षं चालवण्याचा खर्च वेगळ्या पानावर लिहा, कुणी मागितला नसला तरी.

तुमच्यातले काही महापालिकेत जातील, काही स्वतःचं ऑफिस काढतील, काही मोठ्या कंपन्यांत जातील. एखादी कंपनीच्या सामाजिक निधीच्या टेबलामागे बसेल आणि तिच्यासमोर एखाद्या छोट्या संस्थेचा अर्ज येईल. त्यात एक रकाना पगाराचा असेल. तो खोडू नका. कमी वाटला तर वाढवा, आणि वरिष्ठांनी विचारलं तर ठामपणे सांगा की हे शहर ज्यांच्यामुळे चालतं त्यांचा हा पगार आहे.