डाग आधी ओळखा, मग लिंबू पिळा

आजचा भाग माढ्यातून, घरच्या गच्चीवरून. मागे दोरीवर कपडे वाळतायत, म्हणून विषयही तोच: कपड्यांवरचे हट्टी डाग.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्रॅम अडला की आम्ही आधी एरर वाचतो, मग कोडला हात लावतो. डागाचंही तसंच आहे. पण रीलमध्ये काय दाखवतात? लिंबू, खायचा सोडा, व्हिनेगर, सगळं एकत्र ओता! मस्त फेस येतो, पण तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, डागावर काम करायला फारसं कुणी उरत नाही. दोन्ही वापरायचे असतील तर एक वापरा, धुवा, मग दुसरं.

आता आपल्या भागातला डाग घेऊ. डाळिंब! सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, पण तोडणीला जाणाऱ्या बायामाणसांच्या कपड्यांना त्याचा काय उपयोग? डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. कापड रंगवायला ही साल पूर्वापार वापरतात, म्हणजे हा डाग नाही, रंगच आहे. लोखंड लागलं की टॅनिन काळं पडतं, म्हणून गंजकी बादली नको. आणि लाल रस साबणाने निळसर-राखाडी होतो. तेव्हा साबणाची वडी आधी घासू नका. उलट्या बाजूने थंड पाणी सोडा, लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर लावून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, मग डिटर्जंट. पांढरं सुती कापड असेल तर मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीपाशी थेंबभर लावून बघा.

हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो. घाबरायचं नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, एवढंच. धुतलं की परत पिवळं. त्याचा खरा शत्रू म्हणजे ऊन, आणि ते आपल्याकडे फुकट आहे. डिटर्जंटने धुवा, ओलं कापड थेट उन्हात टाका. पहिल्या दिवशी फिकं होईल, राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत.

रक्त, दूध, अंडं: फक्त थंड पाणी. गरम पाण्याने प्रथिनं शिजतात आणि धाग्यात बसतात. ग्रीस किंवा तेल: पाण्याआधी कोरड्या डागावर पीठ किंवा टाल्कम पावडर टाका, तेल शोषू द्या, झटका, मग भांड्याचं लिक्विड चोळा आणि धुवा. आणि कुठलाही डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको, उष्णतेने तो पक्का होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कान देऊन ऐका. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना जाळतो. तसा उग्र वास आलाच तर बादली सोडून आधी बाहेर पडा, मोकळ्या हवेत या. खोकला थांबेना, दम लागला तर सरळ दवाखाना गाठा. एका शर्टासाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

हे का सांगतोय? इथल्या कित्येक पोरांकडे मुलाखतीला घालायचा पांढरा शर्ट एकच असतो. तो डाग पडला म्हणून फेकून देणं परवडत नाही, आणि चुकीच्या उपायाने जाळणं त्याहून नाही. म्हणून हा भाग घरात कपडे धुणाऱ्या माणसालाही ऐकवा. आणि हो, ते माणूस दरवेळी आईच असायला पाहिजे असं नाही, एकदा बादली तुम्ही उचला!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.