स्वेच्छानिवृत्ती आणि पेन्शनमधील पाच वर्षे

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. पासबुक भरायला आलेले निवृत्त बांधव आम्हाला विचारतात, "साहेब, बरोबरीच्या माणसापेक्षा माझी पेन्शन कमी कशी?" ज्यांनी व्हीआरएस घेतली, त्यांच्या मनात ही सल अधिक आहे. मुलीचे लग्न, घराचे कर्ज, आजारपण अशा कारणांनी त्यांनी लवकर नोकरी सोडली आणि 'आपणच सोडली, आता कोणत्या तोंडाने मागायचे?' असे म्हणून ते गप्प राहिले. हे गप्प राहणे योग्य नाही, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

१९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात स्पष्ट केले की, पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटीचा हक्क आहे. हक्क म्हटला की त्याचा हिशेब मागता येतो.

राष्ट्रीयीकृत बँकांचे पेन्शन नियम १९९५ चे. ३३ वर्षे सेवा झाली, तर शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी मूळ पेन्शन मिळते; सेवा कमी, तर त्या प्रमाणात पेन्शन कमी. परंतु नियम २९ प्रमाणे, २० वर्षे सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षे मिळवली जातात. मात्र एकूण सेवा ३३ वर्षांच्या वर जाता कामा नये आणि निवृत्तीची तारीखही ओलांडता कामा नये.

२००० साली बँकांनी खास व्हीआरएस योजना आणली. योजनेत पेन्शन नियमांप्रमाणे पेन्शन देण्याचे लिहिले होते. पुढे बँकांनी ही वाढीव पाच वर्षे नाकारली. ही वेगळी योजना आहे, सानुग्रह रक्कम दिलेली आहे, म्हणून नियम २९ लागू नाही, असे त्यांचे म्हणणे. कर्मचारी न्यायालयात गेले. २००९ साली बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० वर्षे सेवा झालेल्यांच्या बाजूने निकाल दिला. योजना बँकांनीच लिहिली होती. तिच्यातील संदिग्धतेचा फायदा त्यांनाच कसा मिळेल?

या पाच वर्षांचे मोल पाहा. समजा, सरासरी पगार ९,९०० रुपये आणि सेवा २४ वर्षे. मूळ पेन्शन होते ३,६०० रुपये. पाच वर्षे मिळवली की २९ वर्षांचे ४,३५० रुपये. दरमहा ७५० रुपयांचा फरक, त्यावर महागाईचा भत्ता वेगळा, आणि तोही जन्मभर!

आता करायचे काय? प्रथम पेन्शन मंजुरीच्या कागदात सेवा किती वर्षे धरली आहे ते पाहावे. कम्युटेशन घेतले असेल, तर त्यापोटीची कपात वेगळी असते. ती १५ वर्षांनी थांबते. दोन्हींची गल्लत करू नये. हिशेबाचा कागद मिळत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. मग नियमाचा व निकालाचा उल्लेख करून बँकेच्या मुख्य कार्यालयाकडे लेखी मागणी करावी आणि तिची पोहोच जपून ठेवावी. तोंडी विनवणीचा पुरावा राहत नाही.

काहीजण बँकिंग लोकपालाकडे धाव घेतात. परंतु नोकर-मालक यांच्यातील वाद तेथे चालत नाहीत. नकार आला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर लक्षात ठेवा : स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

एक इशाराही द्यावासा वाटतो. पेन्शन कमी मिळणे हा दरमहा घडणारा अन्याय असल्याने उशीर झाला तरी दार सहसा बंद होत नाही. परंतु मागील फरक साधारणपणे याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरताच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग खटल्यात सांगितले आहे. म्हणजे थांबलेला प्रत्येक महिना आपल्याच खिशातून जातो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात बँकेची नोकरी ही पहिलीच पगाराची नोकरी होती. त्या घामाचा हिशेब पूर्ण मिळाला पाहिजे. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांचा अर्ज लिहून देणे, ज्येष्ठांसोबत कार्यालयात जाणे, एवढे काम तरुणांनी उचलावे. कागद घेऊन या, आम्ही बसून हिशेब मांडू.