रुग्णशय्येजवळची तालीम



ससून रुग्णालयाच्या आश्रयाने ज्या पुण्यात १९४६ सालापासून बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालय डॉक्टर घडवीत आले, त्या नगरीत वैद्यकीय अध्यापकांच्या या परिषदेचा स्वागताध्यक्ष या नात्याने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

शवविच्छेदनगृहातून बाहेर पडून विद्यार्थी प्रथम वॉर्डात पाऊल टाकतो, तेव्हा जो शेतकरी निमूटपणे सदरा वर करून त्याला आपले यकृत चाचपू देतो, त्या शेतकऱ्यास हा मुलगा अद्याप डॉक्टर झालेला नाही ही गोष्ट पुष्कळदा ठाऊकही नसते. ती त्याला स्पष्ट सांगावी, त्याची संमती घ्यावी आणि मगच त्याच्या अंगाला हात लावावा, हे शिक्षण कोणी द्यावयाचे? २०१९ साली अमलात आलेल्या अभ्यासक्रमाने वृत्ती, नीती व संवाद यांस रीतसर स्थान दिले, ही तजवीज स्तुत्यच आहे. परंतु सकाळच्या राउंडला युनिटप्रमुख ‘सात नंबरचे लिव्हर’ एवढे म्हणून पुढे सरकले, तर वर्गात ऐकलेले सारे तेथेच पुसले जाते. उलट जे प्रमुख पडदा ओढून घेतात, गार हात चोळून ऊबदार करतात आणि उशाशी बसलेल्या आईला तिच्या भाषेत दोन शब्द सांगतात, त्यांचे अनुकरण विद्यार्थी नकळत आयुष्यभर करीत राहतो.

विल्यम ऑस्लर यांनी जॉन्स हॉपकिन्स येथे विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून वॉर्डात नेले आणि ठरावीक रुग्णांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली, यातील मर्म आम्ही पुरते आत्मसात केले आहे असे मला वाटत नाही. आमच्याकडे इंटर्नशिपचे वर्ष कितीदा तरी रक्ताचे नमुने पोचविण्यात आणि रिपोर्ट गोळा करण्यात सरते, आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या धास्तीने विद्यार्थी वॉर्ड सोडून वाचनालय गाठतो. त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. कारण तो हिस्ट्री घेत असताना शेजारी थांबून ऐकणारे कोणी त्याला क्वचितच लाभलेले असते.

यास्तव विषयनियामक समितीने एक ठराव अवश्य विचारात घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे : प्रत्येक पोस्टिंगमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची निदान एक संपूर्ण रुग्णतपासणी ज्येष्ठ अध्यापकाने स्वतः उभे राहून पाहावी, काय साधले व काय राहिले हे त्याला एकांतात सांगावे, आणि त्यासाठी लागणारा वेळ अध्यापकाच्या कामाच्या तक्त्यात रीतसर धरला जावा.