मुलींचे आरोग्य हीच त्यांची शिदोरी
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आज गुणवंत विद्यार्थिनींचा सत्कार झाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु विद्या पेलावयास देहही सशक्त हवा. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवीधर झाल्या. पण १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला.

आज औषधे आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवण्याची आपली रीत ह्याला पोषकच आहे. मुलीला वारंवार धाप लागत असेल, तर तो आळस समजू नका. रक्त तपासून घ्या.

उपाय घरातलेच आहेत. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी खावी. वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये. मुलींनो, रोज अर्धा तास भरभर चाला, दोरीवरच्या उड्या मारा.

पोलीसभरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून २०२५ साली १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. अशी दारे नुसत्या गुणपत्रिकेने उघडत नाहीत.

मातांनो, मुलीचे ताट मुलाच्या ताटाबरोबरच वाढा, आणि शेजारी आपलेही मांडा.