समाजमाध्यमे, स्त्रिया आणि विश्वासाचा प्रश्न

(पवई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



समाजमाध्यमांवर स्त्रिया कमी का, असा प्रश्न निघाला की आपल्या सुशिक्षित मित्रांजवळ दोन उत्तरे तयार असतात. एक, बायकांना तंत्र जमत नाही. दोन, त्या भित्र्या असतात. पहिले उत्तर मालकीचा प्रश्न दडवते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष सुमारे ५७ टक्के आढळले, स्त्रिया ३३ टक्के. आणि स्वतः वापरायचा असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांजवळच होता. जिच्या हाती यंत्र घरच्यांच्या मर्जीने येते, तिच्या अज्ञानाची चर्चा करणे हा उद्दामपणा होय. पवईच्या मनोऱ्यांत घरकामाला जाणाऱ्या किती बायांचा फोन संध्याकाळी मुलाच्या हाती असतो, हे वस्तीत काम करणाऱ्या तुम्हांला मी सांगायला नको.

दुसरे उत्तर अधिक घातक, कारण ते अनुभवालाच भित्रेपणा म्हणते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. ज्या ६६अ कलमाचा येथे आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले २४ मार्च २०१५ रोजी! तेव्हा स्त्रियांच्या रक्षणासाठी आणखी कडक कायदा मागण्यापूर्वी तो उद्या कोणत्या मुलीच्या दारात उभा राहील, याचा विचार आपण केला पाहिजे.

केवळ संख्या समान झाल्यानेही हा प्रश्न सुटणारा नाही. बोलक्या, कर्तबगार मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या खात्यांवरून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्याचा हिडीस प्रकार जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ या नावाने झाला. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला, पण अटक मात्र झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये तोच प्रकार ‘बुल्ली बाई’ या नावाने पुन्हा झाला. या वेळी मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच संशयितांना पकडले, तेव्हा कुठे दिल्लीचीही चक्रे हलली. मुंबईने पकडलेल्यांत एक कोवळ्या वयाची मुलगीही होती. द्वेषाला स्त्री-पुरुष भेद नसतो, हे ध्यानात ठेवावे.

आणि कंपन्या? २०१७ मध्ये फेसबुकने भारतातील स्त्रियांसाठी छायाचित्रावर ‘पहारा’ बसवण्याची सोय आणली. सोय वाईट नव्हे. पण आजीने नातीला दिलेला सल्लाच तो, दाराला कडी लाव! चोराचे काय, हे कोणी विचारायचे? अश्लील किंवा बनावट चित्राची तक्रार आल्यास ते २४ तासांत काढावे, असे बंधन सरकारने २०२१ च्या नियमांत घातले. मात्र तक्रार मराठीत ऐकली जावी, नाकारली तर कारण लेखी मिळावे, आणि किती तक्रारींचे काय झाले याचा हिशेब जाहीर व्हावा, ही मागणी लावून धरणे आपले काम आहे. विश्वास हिशेबातून निर्माण होतो, जाहिरातींतून नव्हे.

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समता सांगितली आणि खासगी जीवनावरील अतिक्रमणाला विरोधही सांगितला. आपण पहिलीवर व्याख्याने देतो. दुसरीकडे पाठ फिरवतो. आपल्याच शाखांचे व्हॉट्सॲप गट पाहा. एखाद्या भगिनीने मत मांडले की त्यावर थट्टेची चित्रे येतात, रात्री अकराला कोणी तिला वेगळा निरोप धाडतो, आणि महिन्याभरात ती मुकी होते. मग अहवालात आपण लिहितो, ‘महिलांचा प्रतिसाद अल्प.’ येत्या बैठकीत पहिला विषय हाच घ्यावा: गटाची सूत्रे निम्मी स्त्रियांकडे द्यावीत, आणि अशा निरोपांची तक्रार कोणाकडे करायची, ते नाव त्यांनीच ठरवावे.