मोजक्यांनीच जागावं

झाशीच्या दतिया गेटवरून बोलतोय. फौजेत रात्री पहाऱ्यावर मोजके जवान जागतात, बाकी पलटण झोपते. फोनचंही तसंच असावं.

न वापरलेली अ‍ॅप्स मागे जागी राहतात, इंटरनेट आणि लोकेशन तपासतात, बॅटरी खातात. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, काही महिने न उघडलेलं अ‍ॅप फोन स्वतःच झोपवतो. त्याच्या परवानग्या काढतो, सूचनाही थांबवतो. त्यासाठी वेगळं अ‍ॅप घालायची गरज सहसा पडत नाही.

सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा. जास्त खाणारं, पण बिनकामाचं अ‍ॅप शोधा आणि त्याचा मागचा वापर मर्यादित करा. रोजची अ‍ॅप्स मात्र सारखी सरकवून बंद करू नका. ती नव्याने उघडायला उलट जास्त बॅटरी लागते.

आता महत्त्वाचं. औषधाची आठवण देणारं अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप झोपवू नका. आपल्यापैकी अनेकांची मुलं पुण्याला, बंगळूरला. घरात म्हातारी दोघंच. रात्री दोनला मुलाचा फोन आला तर वाजलाच पाहिजे. बॅटरी दोन तास कमी चालली तरी चालेल, तो पहारा उठवायचा नाही.

जय हिंद.