रंगाखालचे काम



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी मोठमोठ्या विषयांवर बोलून गेली आहेत. आम्ही आज मोटारीच्या बंपरावर बोलणार आहोत. हसू नका. दसऱ्याला ज्या गाडीला आपण झेंडूची माळ घालता, तिच्या प्लॅस्टिकला रंग कसा बसतो आणि तो बसविणाऱ्याच्या छातीचे काय होते, हे शहरातल्या माणसाला ठाऊक असलेले बरे.

पूर्वीचा बंपर लोखंडी असे. आताचा बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी ते कामाजोगे, घट्ट रूपात तयार केले, आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तू स्वस्त, हलकी आणि धक्का सोसणारी. पण तिचा स्वभाव असा की ती कोणाला चिकटू देत नाही. पाणी टाका, थेंब होऊन ओघळून जाते. रंगाची गत तीच. त्यातून खालच्या काळ्या पट्टीवर साच्यातच चामड्यासारखे दाणे उठविलेले असतात. उन्हाने ही पट्टी करडी पडते आणि गाडीवाला म्हणतो, ‘जरा रंग मारून टाका.’ मारलेला रंग पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो, आणि दोष कोणाला? पेंटरला!

वास्तविक निम्म्याहून अधिक काम रंगाच्या आधीचे आहे. प्रथम भाग उलटा करून मागची खूण पाहावयाची. पीपी असेल तर तो आपला हट्टी गडी. एबीएस असेल तर रंग सहज धरतो, मात्र जहाल थिनरने त्याला बारीक तडे जातात. मग धुणे. गाडी चकचकीत दिसावी म्हणून फासलेले सिलिकोनचे पॉलिश दाण्यांच्या खाचांत बसलेले असते. फडके वरवर फिरते, खाच तशीच राहते. म्हणून साबणाचे पाणी आणि ब्रश हवा, आणि वाळल्यावर तेल काढणाऱ्या द्रवाने पुसणे हवे. हे पुसणे घासण्याच्या आधी. नाहीतर तेलच घासून आत भरले जाते. दाणा राखावयाचा असेल तर तेथे लांबी नको, जाड पॉलिश पेपरही नको. मऊ घासणीने फक्त चमक मोडावी. कारखान्यात यानंतर प्लॅस्टिकवरून क्षणभर ज्योत फिरवितात, म्हणजे त्याचा पृष्ठभाग बदलतो आणि रंग धरतो. गॅरेजात त्या जागी रंग धरून ठेवणाऱ्या खास प्रायमरचा पातळ हात देतात. वर रंगाचे हातही पातळच, प्रत्येक हात सुकू देऊन. नाहीतर खाचा बुजून दाणा नाहीसा होतो. हे सारे नीट करावयाचे तर दिवस लागतो. गाडीवाल्याला गाडी संध्याकाळी हवी असते.

आता दुसरी बाजू. चांगल्या रंगात आणि वरच्या क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजातला पोरगा आमच्याकडे आला. वय बावीस. रात्री खोकला, छातीत शिट्टी. गावी चार दिवस गेला की बरा, कामावर आला की पुन्हा तेच. मालक म्हणाला, ‘बिडी सोड.’ पोरगा बिडी ओढतच नव्हता! आम्ही हार्डनरचा डबा मागवून घेतला आणि भिंग लावून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. आयसोसायनेट.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधला पदार्थ तो नव्हे, तितका उडून जाणाराही नव्हे. पण कुळी तीच. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा आली. याचा तुषार अपायकारक प्रमाणात असतानाही नाकाला वास लागेलच असे नाही. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवीत नाही. गन चालविताना नळीने स्वच्छ हवा पुरविणारा मास्क हवा, आणि कोंडलेली हवा बाहेर खेचणारा पंखा हवा. कारण एकदा छातीने हा पदार्थ ओळखला की पुढे अगदी थोड्यानेही दमा उठतो.

त्या पोराचे नाव हजेरीपटावर नव्हते, म्हणून भरपाई मिळाली नाही. हात बसलेला कारागीर आज रिक्षा चालवितो. आणि आमची चूकही येथेच सांगून टाकतो. त्या वर्षी आम्ही त्या भागातल्या गॅरेजांसाठी मागण्यांचा कागद लिहिला, त्यात पगारवाढ होती, साप्ताहिक सुटी होती, मास्क नव्हता. आम्हांला ठाऊक नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. गाडी रंगवावयास द्याल तेव्हा पेंटरला विचारा, ‘धुण्याला किती वेळ घेणार? आणि मास्क कोणता आहे?’ त्याने दोन दिवस मागितले तर द्या. आपण घासाघीस करून जे शेपाचशे रुपये वाचवितो, ते रंगाच्या डब्यातून कमी होत नाहीत. ते धुण्यातून आणि मास्कमधून कमी होतात. पहिल्याचे नुकसान पावसाळ्यात आपल्याला दिसते. दुसऱ्याचे ज्याच्या घरी रात्री खोकला चालतो, त्यालाच ठाऊक.